व्हॅनगार्ड-१ अजून वर का?

छोट्या उपग्रहांवर संशोधन करायचंय? मग आधी व्हॅनगार्ड-१ समजून घ्या. अमेरिकेने १७ मार्च १९५८ रोजी सोडलेला हा जेमतेम दीड किलोचा गोळा. १९६४ मध्ये त्याचे संदेश थांबले, पण तो अजून फिरतोच आहे. स्पुटनिक-१ मात्र विरळ हवेच्या विरोधामुळे तीन महिन्यांत खाली येऊन जळाला. फरक उंचीचा. व्हॅनगार्ड पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाही साधारण ६५० किमीवर असतो. तिथे हवा जवळपास नाहीच. इंजिन नसेल, तर उपग्रहाचं आयुष्य कक्षाच ठरवते. १९९५ मध्ये नासाने काम संपल्यानंतर २५ वर्षांची मर्यादा सुचवली. २०२२ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने पृथ्वीजवळच्या कक्षांसाठी पाच वर्षांचा नियम केला. म्हणून तुमच्या प्रस्तावात सुरुवातीलाच लिहा: खालची कक्षा निवडणार, की हवेचा विरोध वाढवणारं शीड उघडणार?