ॲक्रनमधला एक फोन : दारूच्या उपचारांची सुरुवात कशी होते?

१/ मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहर. न्यूयॉर्कहून आलेला एक शेअर व्यावसायिक हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालतो आहे. व्यवहाराची बोलणी फिसकटली आहेत आणि समोरच्या बारमधून हसण्याचे आवाज येत आहेत. दारू सुटून त्याला जेमतेम पाच महिने झाले आहेत. तो बारकडे न जाता टेलिफोनकडे वळतो. आजचा थ्रेड त्या वळणाविषयी आहे.

२/ आपल्याकडे दारू सोडण्याची परिचित रीत म्हणजे शपथ. कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो, कुणी तुळशीची माळ घालून वारीची वाट धरतो. अशा संकल्पांनी अनेकांचे संसार सावरले, हे खरेच. पण शपथ मोडली की सारा दोष त्या एका माणसाच्या माथी येतो. ‘याला सुधारायचेच नाही’ असा निकाल लागतो. पाश्चात्त्य जगातही दीर्घकाळ हाच निकाल लागत असे.

३/ या निकालाला वैद्यकाने आव्हान दिले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये कडक मद्याच्या शरीर-मनावरील परिणामांवर निबंध लिहिला आणि पुढे अतिमद्यपानाकडे रोग म्हणून पाहिले. मात्र बिअर आणि वाइन त्यांना फारशा घातक वाटत नव्हत्या!

४/ ब्रिटिश नौदलातील डॉक्टर थॉमस ट्रॉटर एक पाऊल पुढे गेले. दारूची सवय हा मनाचा आजार आहे, असे त्यांनी १८०४ च्या ग्रंथात मांडले. रुग्णाला उपदेश करण्याआधी त्याचा विश्वास संपादन करावा, हा त्यांचा आग्रह होता. आजचा कोणताही समुपदेशक हेच सांगेल.

५/ १८१३ मध्ये इंग्लंडचे थॉमस सटन यांनी एका भयंकर अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिले. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की अंग थरथरते, भास होतात, भान हरपते. वेळेवर उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो. घरच्यांना हे कधी नाटक वाटते, कधी बाहेरची बाधा. प्रत्यक्षात ती वैद्यकीय आणीबाणी असते.

६/ १८४९ मध्ये स्वीडनचे मॅग्नस हस यांनी ‘अल्कोहोलिझम’ ही संज्ञा रूढ केली. रोगाला नाव मिळाले, पण रोग्याला खाट मिळाली का? क्वचितच. बहुतेकांच्या वाट्याला तुरुंग, वेड्यांचे इस्पितळ किंवा रस्ता हेच येत राहिले.

७/ दरम्यान दुसरा एक प्रवाह उगम पावला होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका मद्यालयात सहा पिणाऱ्यांनीच दारू सोडण्याचा निश्चय करून ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली. एकमेकांना आपली कहाणी सांगणे, हे तिचे बळ. ती झपाट्याने पसरली. पण राजकारण आणि दारूबंदीच्या वादांत विखुरली आणि काही वर्षांतच ओसरली.

८/ आता पुन्हा ॲक्रनला. त्या व्यावसायिकाचे नाव बिल विल्सन. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांच्यावर उपचार केले होते आणि हा नैतिक दोष नसून आजार आहे, असे समजावले होते. बाहेर पडल्यावर बिल इतर मद्यपींना सुधारायला धावले. एकही सुधारला नाही. पण त्या धडपडीत ते स्वतः मात्र कोरडे राहिले!

९/ म्हणूनच त्या लॉबीत त्यांना उमगले की आपल्याला आत्ता दुसऱ्या मद्यपीशी बोलण्याची गरज आहे. चर्चच्या यादीतून त्यांनी फोन लावले. त्या धाग्यावरून दुसऱ्या दिवशी त्यांची गाठ शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पंधरा मिनिटेच बसेन, असे ठरवून आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक काळ बोलत राहिले. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, आपबीती सांगत होता.

१०/ पुढचा भाग कथेत सहसा गाळला जातो. या भेटीनंतर डॉ. बॉब वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्याले. बिल यांनी त्यांची साथ सोडली नाही. डॉ. बॉब यांचा अखेरचा घोट १० जून १९३५ चा मानला जातो आणि तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन. म्हणजे या चळवळीच्या मुळाशीच एक घसरण आहे, आणि त्यानंतरचे पुन्हा उभे राहणेही.

११/ तरीही रुग्णालये मद्यपींना दाखल करून घेत नसत. १९३९ मध्ये ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी ‘जठराचा दाह’ अशी नोंद करून अशा रुग्णाला आत घेतले. आजाराला नाव मिळून नव्वद वर्षे लोटली होती, पण उपचाराचे दार उघडायला अजूनही खोटे नाव लागत होते.

१२/ वैद्यक आणि सोबत हे दोन्ही प्रवाह महाराष्ट्रातही एकत्र आले. १९८६ मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. निमित्त होते गर्दच्या व्यसनाचे. पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. व्यसनातून बाहेर पडलेलेच तेथे कार्यकर्ते झाले.

१३/ या दीडशे-दोनशे वर्षांचे सार काय? सुरुवात शपथेने होऊ शकते, पण ती एकट्याने तडीस नेणे फार कठीण. शरीर सांभाळायला डॉक्टर हवा आणि मन सांभाळायला त्या वाटेने गेलेला कुणीतरी.

१४/ मित्रहो, हे वाचताना घरातले कुणी डोळ्यांसमोर आले असेल, तर एवढेच करा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू बळजबरीने एका दिवसात तोडू नका; आधी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ १४४१६, दोन्ही निःशुल्क आहेत. बिल विल्सन यांनाही त्या दिवशी एका फोनपेक्षा अधिक काही करता आले नव्हते.