इलाजाचा निर्णय अंतराने घेतला

माझी फुफी शहापूर तालुक्यातली. 2006 साली छातीत गाठ लागली, तेव्हा तिने आठ महिने कुणाला सांगितले नाही. "मर्द डॉक्टरला कसं दाखवू?" एवढेच तिचे म्हणणे. ही लाज फक्त आपल्याच घरांत आहे असे नाही. मुरबाडच्या पाड्यावरची बाईही गाठ अशीच लपवते.

उशिराची किंमत जुन्या हकिमांना ठाऊक होती. अंदलुसचे शल्यवैद्य अबुल कासिम अल-झहरावी (936–1013) यांनी 'किताब अल-तस्रीफ'मध्ये लिहिले आहे की, स्तनाचा कर्करोग नवा आणि लहान असेल तर कापून काढावा. जुना आणि मोठा झाला असेल तर हात लावू नये. तसा रोगी बरा झालेला त्यांनी पाहिला नव्हता.

1882 पासून अमेरिकेत हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढायला सुरुवात केली. पुढे अनेक दशके जगभर हाच इलाज चालला. रोग निघे, पण हात सुजे, खांदा वर जात नसे. भातलावणी करणाऱ्या, डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नाही. मग 1970 च्या दशकात इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी चाचण्या सुरू केल्या. रोग लवकर सापडला, तर फक्त गाठ काढून शेक दिला तरी तितक्याच बायका वाचतात, हे त्यातून सिद्ध झाले.

अट होती ती शेकाची. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे. टाटा हॉस्पिटल 1941 पासून परळला उभे आहे. शहापूरकरांना आधी आसनगाव गाठून लोकल धरावी लागते. मुरबाडला तर रेल्वेच नाही, आधी एसटीने कल्याण. तानसाचे पाणी शहापुरातून 1892 पासून मुंबईला जाते, पण इथल्या बाईला रोज मुंबई गाठणे जमत नाही. डॉक्टरांनी फुफीला दोन्ही पर्याय सांगितले. घरच्यांनी जाण्यायेण्याचा हिशेब केला आणि तिने पूर्ण स्तन काढून घेतला.

आता शेक बहुतेकदा तीन आठवड्यांत संपतो. पुष्कळ रोग्यांना एका आठवड्यातले पाच शेक पुरतात, असे 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवले. टाटाच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. त्यांच्यातला रोग लवकर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याला मोठे यंत्र लागले नाही आणि तपासणारा हात बाईचाच होता.

म्हणजे फुफीच्या प्रश्नाला उत्तर आहे. अशी शिकलेली बाई शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक उपकेंद्रात हवी. तोवर आपण घरात एवढे तरी विचारावे: अम्मी, आपा, गाठ तर नाही ना?