‘मायबाप’ कोणाला म्हणावे?

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात सरकारदरबारी अर्ज करायचा, तर ‘मायबाप सरकार’ असं म्हणूनच सुरुवात व्हायची. पाटलाच्या वाड्यापुढे जोहार घालायचा तोही ‘मायबाप’ म्हणूनच. ज्याच्या हातात सत्ता तो बाप, आणि ज्याने हात पसरायचा ते लेकरू! या नात्याला इंग्रजीत एक शब्द आहे, पॅटर्नलिझम. लॅटिन भाषेत ‘पॅटर’ म्हणजे बाप. आपला ‘पितृ’ हा त्याचाच भाऊबंद. मोठ्या माणसाने धाकट्याचे भले स्वतःच ठरवायचे, त्याला विचारायचेसुद्धा नाही, असा या शब्दाचा अर्थ. मराठीत आम्ही त्याला सरळ मायबापगिरी म्हणू.

शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, पण विचार फार जुना. इंग्लंडात रॉबर्ट फिल्मर याने राजाची सत्ता ही बापाच्या सत्तेसारखीच आहे, असा ग्रंथच लिहिला. तो 1680 साली छापला गेला. जॉन लॉक याने 1689 मध्ये त्याचे खंडन केले. पुढे 1793 साली जर्मन तत्त्वज्ञ कांट याने तर, प्रजेला लेकरू समजून तिचे कल्याण करणारे राज्य हीच सर्वांत मोठी जुलूमशाही, असे बजावले. जुलमी राजाविरुद्ध माणूस निदान चिडून उठतो. प्रेमळ बापाविरुद्ध कसा उठणार?

गंमत अशी की स्वातंत्र्याचे मोठे पुरस्कर्तेही इथे अडखळले. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1859 साली स्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. माणसाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करू नये, हे त्यांचे तत्त्व. पण त्याच ग्रंथात त्यांनी लहान मुलं आणि ‘मागासलेले’ समाज वगळले. हे मिल 1823 पासून 1858 पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होते. म्हणजे आपण सगळेच त्यांच्या लेखी लेकरं!

आता या मायबापाने लेकरांना वागवलं कसं? 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही, कारण सवर्ण पालक नाराज झाले असते. ज्या महार शिपायांनी कंपनीसाठी रक्त सांडलं, त्यांची सैन्यभरतीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. अर्जावर अर्ज गेले. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला, पण दार तेव्हा उघडलं नाही.

परक्या सरकारची गोष्ट एक वेळ सोडून देऊ. खरी कसोटी लागली ती 1932 साली. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. ठक्करांना लोक ‘बापा’ म्हणत. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, आम्ही घेतही नाही.

बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदेसाठी विलायतेला निघाले होते. बोटीवरूनच, 14 नोव्हेंबरला, त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. नुसत्या शाळा, वाचनालये, दारूबंदी यांनी भागणार नाही; विहीर, शाळा, चावडी इथल्या नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा, असं त्यांनी सांगितलं. त्यातून संघर्ष झाला तरी चालेल, पण त्याला भिऊ नका. आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्या, कारण जिव्हाळा असेल तोच खरी सेवा करील. या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे.

संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान का नाही, हा प्रश्न नंतर गांधीजींपुढेही गेला. हे काम सवर्णांच्या प्रायश्चित्ताचे आहे, म्हणून ते सवर्णांनीच चालवावे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. वाचकहो, इथे जरा थांबा. प्रायश्चित्त त्यांचं, पैसा त्यांचा, निर्णयही त्यांचाच. मग ज्याच्यासाठी हे सारं चाललं, त्याने काय करायचं? नुसतं घ्यायचं! 1945 च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रकरणाला ‘राजकीय दानधर्म’ म्हटलं ते उगीच नव्हे. त्याच वर्षी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. कारभार आपल्या हाती, आणि दारं मात्र सर्व जातींच्या मुलांना उघडी.

कोणी आम्हाला विचारील, अहो, तुम्हीही बाबासाहेबांना ‘बाप’च म्हणता ना? म्हणतो, आणि अभिमानाने म्हणतो. पण या बापाने आम्हाला कायमचं लेकरू ठेवलं नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी स्पष्ट बजावलं की, कितीही थोर पुरुष असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. तथागतही स्वतःला मोक्षदाता नव्हे, मार्गदाता मानत. महापरिनिर्वाणाच्या आधी आनंदाला वाटलं, भगवान जाण्यापूर्वी संघासाठी काही व्यवस्था सांगतील. तथागतांनी कोणालाही गादीवर बसवलं नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, एवढंच त्यांनी आनंदाला सांगितलं.