हार्वेच्या आधी, पण हार्वेइतके नव्हे

मराठीत आपण रोहिणी, नीला आणि केशिका म्हणतो. उर्दू माध्यमातली मुले शिर्यान, वरीद आणि उरूक-ए-शअरिया शिकतात. रोहिणी आणि नीला ही नावे सुश्रुतसंहितेत शिरांच्या प्रकारांना दिलेली आहेत, अर्थ मात्र आजच्यापेक्षा निराळा. शिर्यान आणि वरीद अरबीतून आले. केशिकेत 'केश' आहे, शअरियात 'शअर' आहे, आणि दोन्हींचा अर्थ केस.

या तीन नळ्यांची बांधणी तीन कामांसाठी आहे. हृदय जोराने रक्त ढकलते, म्हणून रोहिणीची भिंत जाड आणि लवचिक असते. मनगटाला लागते ती नाडी म्हणजे तिचेच फुगणे. परतीच्या वाटेवर दाब कमी असतो. तिथे नीलेची भिंत पातळ असते, आणि विशेषतः हातापायांच्या नीलांत रक्त मागे फिरू नये म्हणून झडपा असतात. मध्ये केशिका. त्यांची भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची, म्हणूनच प्राणवायू तिच्यातून आरपार जातो.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. ग्रीक वैद्य गॅलन याचे मत असे, की हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रे आहेत आणि उजवीकडचे रक्त त्यातून डावीकडे झिरपते. हजार वर्षे ते मत टिकले. इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्येही ते आले.

दमास्कसला वैद्यक शिकून कैरोत स्थायिक झालेल्या इब्न अल-नफीस यांनी १२४२ साली याच ग्रंथाच्या शरीररचनेच्या भागावर टीका लिहिली. तेव्हा ते तिशीच्या आतले होते. त्यांनी स्पष्ट लिहिले की हा पडदा जाड आहे, त्यात छिद्रे नाहीत. उजवीकडचे रक्त फुप्फुसांत जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. गुरुस्थानी असलेल्या ग्रंथकाराची चूक त्याच्याच ग्रंथावर लिहिताना दाखवायची, पण अदब सोडायची नाही, अशी ती परंपरा होती.

आता आपल्याकडचे पाहू. इब्न सीना यांचे वैद्यक दख्खनमध्ये चांगलेच रुजले होते. अहमदनगरच्या निजामशाही दरबारात ये-जा असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात आपला औषधींवरचा ग्रंथ छापला. त्यात इब्न सीना यांचे नाव वारंवार येते. इब्न अल-नफीस यांच्या नावाने चालत आलेला 'मूजिझ' हा 'कानून'चा संक्षेपही हिंदुस्थानातले हकीम पिढ्यानपिढ्या शिकले. पण त्या संक्षेपात शरीररचनेचा भागच नाही. नाव पोहोचले, शोध मागे राहिला. पुढे १९२४ साली अल-तातावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधल्या हस्तलिखितावरून जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात प्रबंध लिहिला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष त्या पानाकडे गेले.

मोबाईलवर फिरणारा 'रक्ताभिसरण मुसलमानांनी शोधले, युरोपने चोरले' हा संदेश आपण सगळ्यांनी वाचला असेल. तो अर्धाच खरा आहे. इब्न अल-नफीस यांनी हृदय ते फुप्फुस आणि परत, एवढी वाट सांगितली. तेच रक्त साऱ्या शरीरातून फिरून पुन्हा हृदयात येते, हे १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वेने हिशेबाने सिद्ध केले. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त फेकते, तेवढे रक्त अंगात मुळी नसतेच. म्हणजे तेच रक्त फिरत असले पाहिजे. झडपांचा माग त्याचे इटलीतले गुरू फॅब्रिसियस यांनी आधीच काढला होता. केशिका मात्र हार्वेला दिसल्या नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये मालपिगीने बेडकाच्या फुप्फुसात त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

हा इतिहास जसाच्या तसा सांगितल्याने आपला मान कमी होत नाही. उलट, दुसऱ्याचे श्रेय ओढून घेतले की आपले खरे श्रेयही लोक संशयाने पाहू लागतात. आणि मुलांना फक्त अभिमान दिला, तर इब्न अल-नफीस यांनी दाखवलेली तपासून पाहण्याची सवय त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून पनवेलमधल्या माझ्या वाचकांना एवढेच सांगतो. तो संदेश पुढे पाठवण्याऐवजी आपल्या दंडाला क्षणभर रुमाल बांधा. हाताच्या नीला फुगतील आणि त्यांवर कुठे कुठे गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपांच्या जागा. मुलांना त्या दाखवा आणि कैरोच्या हकिमाचे व लंडनच्या डॉक्टरचे, दोघांचेही नाव सांगा.