सर्व्हरवरील डिस्क-जागेचा अहवाल व आलेखन

सर्व्हरच्या डिस्कवर किती जागा वापरात आहे आणि किती शिल्लक आहे याची ठरावीक काळाने नोंद घेणे, त्या नोंदींचे आलेख काढणे व त्यांवरून जागा कधी अपुरी पडेल याचा अंदाज बांधून वेळेत तजवीज करणे, ही संगणक-व्यवस्थापनातील एक कार्यपद्धती. क्षमता नियोजनाचे ती एक मुख्य अंग आहे. डिस्क किती टक्के भरली, एवढेच सांगून या पद्धतीचे काम संपत नाही. शिल्लक जागा किती दिवस पुरेल आणि नवी जागा हाती यायला किती दिवस लागतील, या दोन आकड्यांची तुलना हा तिचा गाभा आहे.

महत्त्व : डिस्क पूर्ण भरली की डेटाबेसला नवा व्यवहार लिहिता येत नाही, टपाल सर्व्हर पत्रे स्वीकारत नाही, आणि बिघाडाचे कारण ज्या लॉगमध्ये उमटायचे तो लॉगही लिहिला जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटा कंपनीचे जपानमधील सर्व १४ कारखाने याच कारणाने थांबले. सुट्या भागांच्या मागणीचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेत २७ ऑगस्टला नियमित देखभाल झाली. डेटाबेसमध्ये साठलेली माहिती पुसून तिची फेरमांडणी करताना डिस्कवरील जागा अपुरी पडली आणि यंत्रणा बंद पडली. राखीव सर्व्हरही त्याच प्रणालीवर असल्याने तोही कामी आला नाही. अधिक क्षमतेच्या सर्व्हरवर माहिती हलवल्यावर ३० ऑगस्टला उत्पादन पुन्हा सुरू झाले. जुनी माहिती पुसण्याच्या कामालाही मोकळी जागा लागते, ही या प्रसंगाची शिकवण आहे. बऱ्याच डेटाबेसांत पुसण्याची प्रत्येक क्रिया आधी व्यवहारांच्या लॉगमध्ये लिहिली जाते, त्यामुळे साफसफाई चालू असताना वापर काही काळ वाढतो.

मोजमाप : युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन आज्ञा उपलब्ध आहेत. डीएफ संपूर्ण फाइलप्रणालीचा हिशेब देते, तर डीयू एकेका फोल्डरमधील फाइलींची बेरीज करते. दोघींचे आकडे अनेकदा जुळत नाहीत. एखादी फाइल पुसली, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम चालूच असला, तर डीयूला ती दिसत नाही. जागा मात्र अडकलेली राहते आणि डीएफ ती वापरात धरते. तो प्रोग्राम बंद किंवा पुन्हा सुरू केल्यावरच जागा सुटते. मोठी लॉग फाइल पुसूनही जागा वाढली नाही, तर पहिला संशय येथे घ्यावा.

लिनक्सच्या ईएक्सटी ४ फाइलप्रणालीत मूळ मांडणीनुसार ५ टक्के जागा रूट या मुख्य खात्यासाठी राखीव असते. त्यामुळे एकूण जागेतून वापरलेली वजा केली, तरी उत्तर उपलब्ध जागेएवढे येत नाही. शिवाय प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे फाइलप्रणालीतील तिची नोंद, लागतो. आयनोड संपले की गिगाबाइटी मोकळ्या असूनही नवी फाइल तयार होत नाही. लहान लहान फाइली लाखोंनी साठवणाऱ्या सर्व्हरवर ही मोजणी वेगळी ठेवावी लागते. एककांचा घोळही टाळला पाहिजे : विक्रेता १ टेराबाइट म्हणजे १,००,००० कोटी बाइट धरतो, तर १,०२४ च्या पटीत मोजणारी प्रणाली तीच डिस्क सुमारे ९३१ गिगाबाइटची दाखवते. अहवालात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच एकक वापरणे आवश्यक आहे.

नोंदींचा संग्रह : सर्वांत साधा मार्ग म्हणजे रोज ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट. तारीख, सर्व्हर, व्हॉल्यूम (साठवणुकीचा स्वतंत्र हिस्सा), एकूण जागा आणि शिल्लक जागा असे पाच रकाने ती एका फाइलीत जोडत जाते. त्यावरून स्प्रेडशीटमध्ये आलेख काढता येतो. विंडोज सर्व्हरवर हेच काम पॉवरशेलने होते. सर्व्हरांची संख्या वाढली की एसएनएमपी हा जाळ्यावरून यंत्रांचे आकडे मागवण्याचा संकेत उपयोगी पडतो. साठवणुकीचे आकडे देणारा त्याचा तक्ता १९९३ मध्ये प्रमाणित झाला. टोबियास ओटिकर यांचे आरआरडीटूल १९९९ मध्ये आले. त्यातील नोंदफाइलीचा आकार कायम राहतो, कारण जुन्या नोंदींची सरासरी काढून त्या आटवल्या जातात. मात्र या सरासरीत क्षणिक उच्चांक पुसला जातो. म्हणून वापराची सरासरी आणि कमाल, दोन्ही जपावीत. २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेले प्रोमिथिअस आणि २०१४ चे ग्राफाना ही आज प्रचलित असलेली जोडी आहे : पहिले आकडे गोळा करते, दुसरे त्यांचे आलेख दाखवते.

आलेखाचे वाचन : आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वापरलेली जागा आणि वर एकूण क्षमतेची आडवी रेषा, हा मूळ आलेख होय. उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा. तसे न केल्यास किरकोळ वाढही चढणीसारखी दिसते. सावकाश चढणारी रेषा नेहमीच्या कामाची वाढ दाखवते. करवतीच्या दातांसारखी रेषा लॉग किंवा बॅकअप ठरल्या वेळी साठून पुसले जात असल्याचे सांगते. तेथे प्रत्येक दाताच्या टोकाची उंची पाहावी, कारण डिस्क भरणार ती टोकालाच. एकदम वर गेलेली पायरी म्हणजे नवी माहिती भरली गेली किंवा एखादा प्रोग्राम बिघडून अखंड लिहू लागला. तिचे कारण त्याच दिवशी शोधून आलेखावर टिपून ठेवावे. वर्षभराने ते कोणाला आठवत नाही.

जागा कोणी व्यापली हे दाखवण्यासाठी आयतांचा नकाशा, म्हणजे ट्रीमॅप, वापरतात. मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी तो १९९० मध्ये शोधला, तोही याच गरजेतून : १४ जणांच्या वापरातील ८० मेगाबाइटची डिस्क सतत भरत होती आणि कोणत्या फाइली मोठ्या आहेत ते यादीवरून कळत नव्हते.

अंदाज : समजा, २,००० गिगाबाइटच्या व्हॉल्यूमपैकी १,४०० वापरात आहेत आणि वापर रोज ५ गिगाबाइटने वाढतो. शिल्लक ६०० गिगाबाइट १२० दिवस पुरतील. परंतु देखभालीसाठी १० टक्के, म्हणजे २०० गिगाबाइट, मोकळे ठेवायचे तर हाती ८० दिवसच उरतात. मंजुरी, खरेदी, पुरवठा आणि जोडणी यांना ९० दिवस लागत असतील, तर डिस्क केवळ ७० टक्के भरलेली असतानाच निर्णयाला १० दिवस उशीर झालेला असतो. अशा वेळी ८० किंवा ९० टक्क्यांना वाजणारी सूचना कामाची नाही. प्रोमिथिअसमध्ये रेषीय कल पुढे नेऊन जागा कधी संपेल हे काढण्याची सोय आहे; त्याआधारे दिवसांच्या हिशेबाने सूचना लावता येते.

सरळ रेषेचा अंदाज सरळ वाढीलाच लागू पडतो. मार्चअखेरची गर्दी किंवा नव्या शाखेची भर यांची माहिती त्या-त्या विभागाकडूनच घ्यावी लागते. नियम बदलले तरी वाढीचा दर बदलतो : भारतात सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. पुरवठ्याचा काळही स्थिर नसतो. २०११ च्या थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. जगभर टंचाई झाली आणि किमती चढल्या.

मर्यादा : आभासी साठवणुकीत अनेक सर्व्हरना मिळून प्रत्यक्ष डिस्कहून अधिक जागा दाखवलेली असू शकते. तेव्हा प्रत्येक सर्व्हरवर जागा दिसत असतानाही मूळ साठा संपू शकतो; म्हणून दोन्ही पातळ्यांवर मोजणी हवी. स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या क्षणीच्या स्थितीच्या जपलेल्या प्रती, घेतलेले असल्यास फाइल पुसूनही जागा लगेच सुटत नाही. क्लाउडमध्ये जागा काही मिनिटांत वाढवता येते, पण तिचे भाडे सुरू होते आणि वाढवलेला व्हॉल्यूम पुन्हा लहान करणे बहुधा सोपे नसते.

अहवालाची मांडणी : चांगला अहवाल सर्वांत कमी दिवस उरलेल्या व्हॉल्यूमपासून सुरू होतो. प्रत्येक ओळीत शिल्लक जागा, वाढीचा दर, उरलेले दिवस, निर्णयाची शेवटची तारीख आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद असावी. खर्च मंजूर करणारा अधिकारी बहुधा तंत्रज्ञ नसतो. टक्केवारीवरून त्याला निकड कळत नाही, तारखेवरून कळते. मागील अंदाज आणि प्रत्यक्ष वापर शेजारी छापल्यास प्रत्येक महिन्याला अंदाज सुधारत जातो आणि त्यावर विसंबून पैसा खर्च करणे रास्त ठरते.