हातगुण आणि पाटी : प्रवाशांच्या वैद्यकीतील स्पर्धा

वैद्याची कीर्ती सांगणारा ‘हातगुण’ हा मराठी शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. अमक्याच्या हाताला गुण आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अनुभवावरून ठरते. त्यासाठी वैद्य आणि रोगी यांनी एकाच गावात दीर्घकाळ नांदावे लागते. प्रवाशास ही सोय नसते. नागपूर-हैदराबाद मार्गावर पांढरकवड्यास मुक्काम करणाऱ्या वाटसरूस, किंवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूर्तिजापूरहून छोट्या रेल्वेने यवतमाळास उतरणाऱ्या परगावच्या व्यापाऱ्यास रात्री ताप भरला, तर गावात कोणाचा हातगुण चांगला हे त्याला ठाऊक असणे कठीण. त्याने विचारावयाचे ते धर्मशाळेच्या रखवालदारास अथवा खाणावळवाल्यास. स्पर्धेचे स्वरूप पालटते ते येथेच : रोग्याचा विश्वास संपादण्यापूर्वी चिकित्सकास यजमानाची मर्जी संपादावी लागते.

अशा अनोळखी रोग्यासाठी उमेदवार अनेक होते, याची साक्ष भाषाच देते. ‘वैद्य’ संस्कृत, ‘हकीम’ अरबी, ‘डॉक्टर’ इंग्रजीतून आलेला. ‘दवाखाना’ची घडण अरबी-फारसी, तर ‘इस्पितळ’ पोर्तुगिजांकडून आलेले. नवा शब्द आला म्हणून जुना गेला नाही. दोघे शेजारी नांदले. गावोगाव हिंडणारा वैदू तर स्वतःच प्रवासी. त्याचा हातगुण पारखण्यास गावकऱ्यांनाही अवधी मिळत नसे.

या अनिश्चिततेवर कायद्याने उपाय योजला, तो पदवी व नोंदणीचा. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९१२ साली व मध्य प्रांतात १९१६ साली झाला. देशी वैद्यकासाठी तसे कायदे मुंबईत १९३८ साली, तर मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४७ साली झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ च्या कायद्याने ते एकत्र आणले. हातगुणाची जागा अशा रीतीने पाटीने घेतली. परक्या मुलखातील रोग्यास निदान भोंदू कोण, हे ओळखण्याचे एक साधन लाभले.

तथापि पाटी पात्रता सांगते, निवड करीत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी रोग्यांसाठी जाहिरात करणे आणि रोगी पाठविल्याबद्दल दलाली देणे-घेणे निषिद्ध ठरविले. पण ते बंधन डॉक्टरांवर होते, डॉक्टरास बोलावणाऱ्या हॉटेलवाल्यावर नव्हे. धर्मशाळेच्या रखवालदाराचे स्थान हॉटेलच्या व्यवस्थापकाने घेतले, एवढाच काय तो फरक. चिकित्सकांमधील चढाओढीत ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्या प्रवाशाचेच मत सर्वांत शेवटी विचारले जाते, ही जुनी विसंगती कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.