हवा, रबर आणि स्टेपनी

‘रन-फ्लॅट’ जातीच्या टायरांवर चालणाऱ्या मोटारीचे मूळ टायर झिजून गुळगुळीत झाले, की मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो तो दिसतो तितका अर्वाचीन नाही. हवा संपूर्ण गेली असताही ताशी 80 किलोमीटर वेगाने सुमारे 80 किलोमीटर नेऊन पोहोचविण्याची हमी देणारे, परंतु किमतीने भारी आणि प्रकृतीने ताठ असे तेच टायर पुन्हा घ्यावेत, की साधे, लवचीक, तालुक्याच्या गावीही मिळणारे आणि कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होणारे टायर चढवून मोकळे व्हावे? सुख आणि शाश्वती यांच्यातला हा तंटा रबरी चाकाच्या जन्मापासून चालत आला आहे, आणि त्याचा निकाल प्रत्येक काळी टायरच्या अंगच्या गुणांपेक्षा रस्त्याच्या व रस्त्याकाठच्या कारागिराच्या स्थितीवरच अधिक लागला आहे.

रबर येण्यापूर्वी शाश्वतीची बाजू निर्विवाद होती. आपल्याकडे गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवीत. गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापविलेली ती धाव दोघेतिघे जण सांडशीने उचलून चाकावर बसवीत, घणाचे चार घाव घालीत, आणि वरून पाणी ओतताच वाफेच्या लोटात लोखंड आकसून चाकाचे सारे सांधे करकचून आवळून घेई. या चाकातून जाण्यासारखे काही नव्हतेच, म्हणून त्याला काट्याकुट्यांचे भय नव्हते. मात्र त्या निर्भयतेची किंमत बैलाची मान आणि आत बसणाराची हाडे चुकती करीत.

ही किंमत कमी करण्याची पहिली तजवीज 1845 साली रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने केली. रबर चढविलेल्या कापडाची हवा भरलेली नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण अशा चाकाचे पेटंट त्याने घेतले, 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ती चाके लावून त्यांचा प्रयोगही करून दाखविला. परंतु सायकल आणि मोटार ही दोन्ही वाहने अजून भविष्याच्या उदरात असल्यामुळे एवढा महाग शोध घेऊन करावयाचे काय, हे कोणालाच उमगले नाही. गंमत अशी की याच टॉमसनने पुढे रस्त्यावरून धावणारी वाफेची इंजिने बांधली, तेव्हा आपल्या हवेच्या चाकाला बाजूस सारून त्यांना जाड, भरीव रबराच्या धावा बसविल्या. त्या जातीची इंजिने 1870 नंतरच्या काही वर्षांत क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सरकारी मंजुरीने पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर चालवून पाहिली. म्हणजे हवेच्या चाकाचा जो आद्य जनक, त्यानेच जड वाहनापुरता शाश्वतीच्या बाजूने कौल दिला होता.

1888 साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध नव्याने लावला आणि हवेच्या चाकाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. (त्याचे पेटंट टॉमसनच्या जुन्या दस्तऐवजापुढे टिकले नाही, ही गोष्ट निराळी.) सुखाबरोबर पंक्चरही आले, आणि डनलॉपचा टायर चाकाला डिंकाने चिकटविलेला असल्यामुळे तो सोडविणे, सांधणे आणि पुन्हा चिकटवून वाळविणे यात तासच्या तास जात. क्लेरमाँ-फेराँ येथील मिशेलिन बंधूंनी 1891 साली सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला, तो या गैरसोयीवर उपाय म्हणून. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलशर्यत शार्ल तेराँ याने त्याच टायरांवर जिंकली. पुढे 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस मोटारशर्यतीत हे दोघे बंधू हवेच्या टायरांची गाडी घेऊन स्वतः उतरले, वाटेत पंक्चरमागून पंक्चर काढीत राहिले आणि फार मागे पडले. तरी मोटार हवेवर चालू शकते एवढे त्यांनी सिद्ध केले. पंक्चर टाळण्यापेक्षा ते लवकर काढणे सोपे, हा मिशेलिनांचा विचार मला या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

त्याच विचाराची पुढली पायरी 1904 साली वेल्समधील लानेली या गावी पडली. तेथील डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेले, हवा भरून तयार ठेवलेले जास्तीचे कडे बनविले; टायर बसला की ते पंक्चर झालेल्या चाकालाच आवळावयाचे आणि पुढे निघावयाचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, आणि त्या गल्लीचे नाव आज आपल्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरच्या तोंडी आहे.

चाक बदलण्याचा त्रासही नको, ही अपेक्षा मात्र सुटली नाही. 1970 च्या दशकात डनलॉप कंपनीने डेनोव्हो नावाचा टायर काढला. त्याच्या पोटात वंगणाच्या कुप्या असत. हवा जाताच त्या फुटून आतला द्रव पसरे, आणि चपटा टायर स्वतःच्याच घर्षणाने जळून न जाता पुढे चालत राही. मिनी 1275 जीटी या छोट्या गाडीला तो मिळत असे. पण त्याला चाक वेगळे, हत्यारे वेगळी आणि कारागीरही वेगळा लागे. मिशेलिनने पॅक्स ही पद्धत काढली, टायरच्या आत चाकावर आधाराचे कडे बसविले, रोल्स-रॉइसपासून होंडाच्या कुटुंबी गाडीपर्यंत ती पोहोचविली. तिलाही हेच दुखणे जडले आणि थोड्याच वर्षांत कंपनीने तिचा नाद सोडला. दोन्ही यंत्रे बुद्धीची कमाल होती, आणि दोन्ही साध्या टायरवाल्याच्या दारात अडली.

टिकला तो तिसरा प्रकार, कारण तो साध्याच चाकावर बसतो. याच्या बाजूच्या भिंतींत उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर भरलेला असतो आणि हवा गेल्यावर गाडीचा भार त्या भिंतीच पेलतात. टायर बसला हे ड्रायव्हरच्या लक्षातही येत नाही, म्हणून हवेचा दाब सांगणारी खूण त्याच्याबरोबर सक्तीचीच होते. 1997 च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये स्टेपनी ठेवलीच नव्हती, आणि पुढे बीएमडब्ल्यूने आपल्या बहुतेक गाड्यांना हेच टायर दिले. प्रवाशाची सुरक्षितता हे कारण खोटे नव्हे. परंतु डिकीतील जागा वाचली आणि पाचव्या चाकाचे ओझे उतरले, हा कारखानदाराचा लाभही त्यात होता, आणि त्याच्या जाहिरातीत त्याचा उच्चार स्वाभाविकपणेच कमी आढळतो. आपल्या सरकारनेही 2020 साली ट्यूबलेस टायर, दाबाची खूण आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती माफ केली.

आता आपले रस्ते पाहा. खड्ड्याचा जो धक्का साध्या टायरची भिंत लवून गिळते, तो ताठ भिंत चाकाला आणि पाठीच्या कण्याला पोहोचविते. पंक्चर होऊन काही कोस चाललेला रन-फ्लॅट आतून किती भाजला हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो बहुधा टाकूनच द्यावा लागतो आणि त्या मापाचा दुसरा जिल्ह्याच्या गावी मिळेलच असे नाही. उलट, रंगविलेला जुना टायर खांबाला टांगून बसलेला पंक्चरवाला आपल्याकडे आडफाट्यावरही भेटतो. तो चाकावर साबणाचे पाणी ओततो, बुडबुडे येतात तेथून पकडीने खिळा उपसतो, टोच्याने चिकट रबराची वात आत दाबतो, उरलेले टोक पात्याने छाटतो आणि चहा संपण्याच्या आत गाडी सोडतो. ज्या देशात ही सोय फुकाच्या मोलाने उपलब्ध आहे, तेथे पंक्चरच्या भयापोटी बारमाही ताठरपणा विकत घेणे मला पटत नाही.

म्हणून माझा कौल साध्या टायरांना आहे. मात्र चारही टायर एकदमच बदलावेत, भाराचा व वेगाचा आकडा दाराच्या खांबावरील चिठ्ठीशी ताडून पाहावा, दाबाची खूण चालू ठेवावी, आणि डिकीत जागा नसली तरी पट्ट्याने पक्की बांधलेली स्टेपनी, जॅक व पाना यांवाचून लांबच्या प्रवासास निघू नये, कारण फेस भरण्याची बाटली खिळ्याच्या भोकाला चालते, फाटलेल्या भिंतीला नाही. ज्यांना अपरात्री एकट्याने द्रुतगती मार्गावरून जावे लागते, किंवा ज्यांच्याने वयपरत्वे चाक उतरविणे होत नाही, त्यांनी रन-फ्लॅटच ठेवावेत; त्यांच्या बाबतीत ती जास्तीची रक्कम वाया गेली असे म्हणता येणार नाही.